ओडिलॉनचं कुलूप

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. नादीन आमच्या समोरच्या घरात राहते, आणि हे तिने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे दोन. उत्तर ऑन्टॅरिओतली एक निकेलची खाण.

खाणीत विषारी वायू साठला की भोंगा वाजवायचा, हे काम करणारा लिनक्सचा कॉम्प्युटर नादीनच्या ताब्यात होता. भोंगा वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचं जुनं पॅकेज बिघडलेलं. नवं तीनच्या आत बसवायचं होतं, कारण तीनला कामगारांची पुढची पाळी खाली उतरणार.

त्या पाळीत तिचा धाकटा भाऊ होता, रेमी.

तिने कमांड दिली.

"दुसरं कोणीतरी इन्स्टॉल करतंय. थांबा."

असं होतं कधीकधी. एका वेळी एकानेच पॅकेज बसवावं म्हणून यंत्रणा कुलूप लावते. दुसऱ्याने गुमान थांबायचं.

पण आज कामावर ती एकटीच होती. कुलूप कोणाचं, ते तिने बघितलं.

नाव आलं... ओडिलॉन.

ओडिलॉन तिचा जुना सहकारी. दोन बोटांनी टाइप करणारा म्हातारा. "याच्या वेगाने काम झालं तर तोवर खाण रिकामी होईल," असं हीच सगळ्यांसमोर म्हणाली होती. त्याला घरी बसवलं. महिन्याभरात गेला बिचारा. कॉम्प्युटरवरचं त्याचं खातं हिनेच पुसलं होतं.

शेजारच्या बंद खोलीतून आवाज आला...

टक. टक. जरा थांबून, टक.

तिने दार उघडलं. कीबोर्डवर धूळ. कोणी नाही.

स्क्रीनवर आकडा सरकत होता. एकसष्ट टक्के. बासष्ट. तिला बसवायचं होतं तेच पॅकेज, मुंगीच्या पावलाने.

पावणेतीनला रेमीचा फोन आला. "ताई, आटपलं का? फोरमन डोकं खातोय माझं."

"पाच मिनिटं दे रे."

"तुझी पाच मिनिटं मला माहितीयेत. सँडविच खाऊन घेतो तोवर."

नादीनला भीती नाही वाटली. संताप आला.

"मेलास तरी आडवाच येतोस का रे, थेरड्या?"

तिने ते काम मधेच तोडलं आणि कुलपाची फाइल उडवली. असं कधी करू नये, हे नव्या पोरांना तीच शिकवायची.

आकडा थांबला... सत्त्याण्णववर.

टकटकही थांबली.

तिने पुन्हा कमांड दिली. "हे पॅकेज आधीच बसवलेलं आहे." भोंगा वाजवून बघायला वेळ नव्हता.

"जा खाली," ती रेमीला म्हणाली.

चार वीसला वायू साठला. भोंगा वाजला नाही. सहा जण गेले. रेमी सगळ्यांत पुढे होता.

चौकशीत नोंदी तपासल्या. ओडिलॉनचं नाव कुठेच नव्हतं... अर्धवट तोडलेलं काम नादीनच्याच नावावर होतं.

आता ती घरून एका दुकानाचं काम बघते. गेल्या आठवड्यात साधं प्रिंटरचं पॅकेज बसवायला बसली.

"दुसरं कोणीतरी इन्स्टॉल करतंय. थांबा."

तिने नाव बघितलं...

रेमी.

ज्याने जन्मात कधी कमांड दिली नाही, तो.

आठ दिवस झाले, ती स्क्रीनसमोरून उठत नाही. काल मी सूप घेऊन गेलो, तर हळूच म्हणाली, "याला नाही थांबवणार मी."

आकडा सेहेचाळीसवर होता. पूर्ण झाल्यावर नेमकं काय बसणार आहे, ते तिला माहीत नाही, मलाही नाही. मी सूप ठेवलं आणि निघून आलो.