कापलेला खिळा

"अहो, तुम्ही... हो, तुम्हीच, रिकाम्या हातांचे. जरा हा खिळा धरता का?"

चावीवालीने हाक मारली तेव्हा तो दुकानावरून नुसता चालला होता. दुकान केवढं, तर दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने श्वास बाहेर घ्यावा. नवी पाटी लावायची होती. त्याने खिळा धरला.

"बोट सांभाळा हं."

"ते तुम्हीच सांभाळा. हातोडा तुमच्याकडे आहे."

ती हसली. त्या हसण्याने शेजारच्या घड्याळवाल्याची सगळी बंद घड्याळं चालू झाली म्हणतात. मी स्वतः दोनच पाहिली.

तिने हातोडा उचलला. मागे रस्त्याची पाहणी करायला आलेले साहेब उभे होते, म्हणून मान वळवून "सरका जरा" म्हणाली. साहेब नेमके जांभई देत होते. बरोबरच्या फोटोवाल्याने तेवढ्यात कळ दाबली.

आता हा खिळा धरणारा होता वर्तमानपत्राचं पहिलं पान लावणारा. संध्याकाळी तोच फोटो त्याच्यापुढे आला. कचेरीचा नियम असा, की आपला माणूस फोटोत दिसता कामा नये. त्याने इमानाने स्वतःला कापलं. त्याच्याबरोबर खिळा गेला, पाटीही गेली. उरली ती, उगारलेला हातोडा आणि आ वासलेले साहेब. संपादकांनी मथळा दिला : 'अधिकाऱ्यांवर हातोडा?'

"संपादकसाहेब, असं काही घडलं नाही. मी तिथेच होतो."

"घडलं असं आपण कुठे म्हणतोय? प्रश्नचिन्ह घातलंय ना."

मथळा एवढा मोठा, की समोरच्या गच्चीवरच्या आजोबांनी तो चष्म्याशिवाय वाचला. चावीवालीचं गिऱ्हाईक आटलं. अशा बाईच्या हातात घराची चावी कोण देणार?

शेवटी ती कचेरीत आली. त्याच्या टेबलावर अंक पसरला. फोटोच्या कडेला अंगठ्याचं टोक राहून गेलं होतं.

"हा अंगठा ओळखीचा वाटतो."

"...माझाच आहे."

"मग बाकीचे तुम्ही कुठे गेलात?"

त्याने नियम सांगितला. "खुलासा छापतो ना."

"कुठे?"

"आतल्या पानावर... खाली."

"म्हणजे मुंग्यांनी वाचायचा." तिने अंकाची घडी घातली. "मला कुलपं उघडता येतात हो. लोकांची तोंडं बंद करता येत नाहीत."

जाताना ती हसली नाही. ते त्याला फार लागलं.

त्याने अख्खा फोटो पहिल्या पानावर लावला आणि संपादकांपुढे ठेवला.

"नियम?"

"मोडलाय. उद्यापासून दुसरा माणूस बघा हवं तर. पण हे पान जाऊ द्या."

संपादक बराच वेळ फोटो बघत राहिले. "खिळा धरलायस तू... आणि बघतोयस कुठे?"

त्याने सरळच असलेलं पान पुन्हा सरळ केलं.

"मथळा काय?"

"'चावीवाली पाटी लावत होती.'"

"जाऊ दे. प्रश्नचिन्ह नको. यात शंकेला जागाच नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे रांग लागली. काही जण तर कुलूप नसताना चावी करायला आले. रांगेच्या टोकाला तो होता.

"काय करून हवंय?"

"काही नाही... फोटो पाहिलात?"

"गल्लीने पाहिला. आमच्या आईने तर दोनदा." ती कानशी पुसत राहिली. "खिळा धरला की खिळ्याकडे बघायचं असतं. पाटी तिरकी लागलीय तुमच्यामुळे."

"परत लावूया?"

तिने हातोडा त्याच्या हातात दिला.

"या वेळी खिळा मी धरते," ती म्हणाली. "बघू... मी कुठे बघते ते."

पाटी अजून तिरकीच आहे.