रिकाम्या चेंबरमधलं पाणी

देवासच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना सीताफळाचा गर सुकवतो. मनावर गावाकडून फळ येतं. गर गोठवून ट्रेमध्ये भरायचा, ट्रे लोखंडी चेंबरमध्ये ठेवायचे आणि दार बंद करायचं. पंप आतली हवा ओढून घेतो, मग बर्फाचं पाणी न होता सरळ वाफच होते. रंग, आकार तसाच राहतो, फक्त वजन जातं; पाणी घातलं की तेही परत येतं. ही वाफ पंपात शिरली तर त्याचं तेल ताकासारखं पांढरं होतं आणि पंप आतून गंजतो. म्हणून वाटेत एक अतिथंड नळी असते. वाफ तिच्यावर बर्फ होऊन बसते. तिला आम्ही ट्रॅप म्हणतो.

मी तिथे लॅबमध्ये आहे. माझे बाबा, जयसिंगराव, हेच मशीन चालवायचे. ट्रॅप नीट थंड होत नाही, हे ते मॅनेजरना सांगून थकले. मॅनेजरना माल काढायची घाई होती. शेवटी पंप जाम झाला आणि निष्काळजीपणाचा ठपका ठेवून बाबांनाच काढलं. त्या दिवशीही ते चेंबरमध्ये शिरून आतून फडकं मारून आले.

"कशाला पुसलात?" आईने विचारलं.

"घाण ठेवून जाऊ नये," ते म्हणाले. त्यानंतर कारखान्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

नवा पंप बसला, ट्रॅपही नवा आला. माल भरण्याआधी मशीन काही दिवस रिकामं चालवायचं ठरलं. एका दुपारी नवा ऑपरेटर अर्पित लॅबच्या दारात येऊन उभा राहिला.

"अल्पनाताई, चेंबर खाली आहे, आत एक पण ट्रे नाही. तरी ट्रॅपवर बर्फ जमतोय."

"कुठून तरी हवा शिरत असेल. दमट हवा."

"सगळे जोड चेक केले. एक पण लीक नाही."

मी जाऊन पाहिलं. नळीवर पांढरा, जाड थर होता. तो वितळवून पाणी तपासलं, तर त्यात मीठ निघालं. वाफेबरोबर मीठ येत नाही, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. मी बाटली धुऊन पुन्हा तपासलं. मीठ होतंच.

मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, आप लॅब देखिए."

घरी बाबांनी अंथरूण धरलं होतं आणि त्यांची तहान वाढली होती. तांब्या रिकामा करून ते पुन्हा पाणी मागायचे. डॉक्टरांनी साखर तपासली, ठीक निघाली. "चेहरा तर बढिया दिसतोय," ते म्हणाले. खरंच दिसत होता. एकही सुरकुती वाढली नव्हती.

रविवारी कारखाना बंद असतो. त्या दिवशी बाबांनी पाणी मागितलं नाही.

सोमवारी सकाळी त्यांना उठवून बसवायला मी बगलेत हात घातले. एरवी आई आणि मी दोघी लागायच्या. त्या दिवशी उशी उचलावी तसे ते वर आले. माझे हात तसेच राहिले.

"बाबा, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही गं. ओढतंय."

"काय ओढतंय?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पंप लावला असेल आता."

मी तशीच कारखान्यात गेले. मशीन चालू होतं. काचेतून पंपाचं तेल दिसत होतं, पांढरंफटक.

"बंद कर," मी अर्पितला म्हटलं.

"साहेब ओरडतील, ताई."

मी स्वतःच बटण दाबलं. तरी दाबाचा काटा निर्वातावरच होता. आतलं ओढणं थांबवायचं तर आत हवा सोडायला हवी होती. मी झडप फिरवली.

हवा चेंबरमध्ये शिरली. लांब, खोल आवाज झाला. छाती भरून श्वास घेतल्यासारखा.

आवाज थांबला.

माझा फोन वाजला.

"त्यांनी एक मोठा श्वास घेतला," आई म्हणाली. "सोडलाच नाही."

दुपारी सरदारपूरहून मालोजीकाका आले. बाबांना एकट्यानेच दोन्ही हातांवर उचलून ते अंगणात घेऊन आले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "भाऊ पार हलका झाला गं."

फरशीवर निजवून त्यांनी आंघोळ घालायला घेतली. मला भाऊ नाही, म्हणून मीही पाणी घालत होते. एक बादली संपली. काकांनी दुसरी मागवली, मग तिसरी. शेजारच्या भवानीबाई आईला धरून उभ्या होत्या. "किती टवटवीत दिसतात," त्या हळूच म्हणाल्या.

काकांचा हात थांबला. त्यांनी मला आणखी पाणी घालू दिलं नाही.

तिरडी उचलताना चौघांना ती झेपेना. आणखी दोघे आले, तेव्हा कुठे खांद्यावर गेली. मी मडकं घेऊन पुढे झाले, आणि जाता जाता खाली पाहिलं.

फरशी कोरडी होती. मोरीकडे एक ओघळसुद्धा गेला नव्हता.