सहा दिवसांचा आठवडा

डेअरीच्या दारातच भाच्याने नाकाला रुमाल लावला. आंबलेल्या दुधाच्या वासात फिनेल मिसळलेलं. मावशी मात्र बागेत फिरायला आल्यासारखी आत शिरली. खासगी तपासाच्या धंद्यात तिचं नाक कधीच मेलं असावं, असं भाच्याचं मत होतं.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्यांना बोलावलं होतं. इथलं दूध पिऊन चाळीस मुलं आजारी पडली होती, त्यात बाईंची लेकही होती. वर ठपका बाईंवरच, चाचण्या गलथान केल्या म्हणून. आज त्यांची नोकरी जाणार होती.

"टाकीतल्या जंतूंचे आकडे मी रोज भरते," बाई म्हणाल्या. "मध्येच भलतेच वाढतात. वर कळवलं तर म्हणाले, तुमचेच हात घाण."

"रोज? रविवारीसुद्धा?" मावशीने विचारलं.

"नाही हो, रविवारी प्रयोगशाळेला कुलूप."

टाकी धुणारा मुकादम नजर चुकवत होता. "रोज रात्री घासतो, मावशी. फक्त बुधवारी सुट्टी. त्या रात्री दुकानांतून न खपलेल्या पिशव्या परत येतात. ते काम साहेब स्वतः बघतात."

डेअरीचे साहेब बिस्किटाने माखलेली बोटं चाटत बसले होते. समोर कोरा चहा.

"दुधाच्या घरी कोरा चहा?" भाचा हसला.

"गुरुवारी कोराच घेतो. पोटाला बरा." साहेबांनी संगणक वळवला. "हे बघा, सॉफ्टवेअरने आकड्यांची फोड केली. उन्हाळ्याची वाढ बाजूला काढली, ठरावीक अंतराने फिरून येणारी लय बाजूला काढली, उरला तो गोंधळ. लयीचं अंतर आठवड्याचं म्हणून सात घातले. लय शून्य! नुसता गोंधळ, म्हणजे बाईंचा गलथानपणा."

भाच्याला ते पटलं. मावशीने बाईंना आणि मुकादमाला आत बोलावलं.

"साहेब, फाईलीत तारखा नाहीत, आकड्यांची नुसती ओळ आहे. रविवारी कुलूप, म्हणजे आठवड्याला आकडे सहा. सहावर फिरणारी गोष्ट सातने मोजली की जागा सरकत जाते आणि सगळं गोंधळात मुरतं." तिने सातच्या जागी सहा टाकले. पडद्यावर एकसारख्या उंचवट्यांची रांग उभी राहिली. "बाई सांगतात, ओळ सोमवारी सुरू होते. उंचवटा दर वेळी चौथ्या आकड्यावर. गुरुवार! बुधवारी रात्री नासक्या पिशव्या टाकीत फोडतात, म्हणून धुणाऱ्याला सुट्टी."

"खरंय," मुकादम पुटपुटला. "सुट्टीच्या रात्री एकदा आलो होतो, तेव्हा पाहिलंय."

"सात चुकून पडले असतील," साहेब म्हणाले.

"चुकलेल्या माणसाला गुरुवारचं दूध नेमकं कसं वर्ज्य?"

साहेबांनी खांदे उडवले. "एवढं दूध गटारात ओतायचं? उकळलं की सगळं मरतं."

इतकी किळस भाच्याला दारातल्या वासाचीही आली नव्हती.

बाई बाहेर गेल्या, थोड्या वेळाने वाफाळता पेला घेऊन आल्या आणि तो त्यांनी साहेबांपुढे ठेवला.

"आजच्या टाकीतलं आहे. उकळलंय. प्या."

साहेबांनी पेला दूर सारला.

"प्या ना. मी असंच उकळून माझ्या हाताने लेकीला पाजलंय."

मुकादमाने दाराला आतून कडी घातली.