सतरा नंबरचा बिल्ला

लाईट गेली तशी सोप्यावर बसलेल्या पोरांनी मोबाइल पेटवले. शांतारामकाका म्हणाले, "बंद करा ते. ही लाईट का जाते ते ऐका. आपल्या पेडण्याच्या साईशने मला सांगितलं तसंच सांगतो."

"हॉटेलांची कशी जात नाही हो?" प्रज्योतने विचारलं.

"त्यांच्याकडे जनरेटर. काळोख आपल्या वाट्याला. आता ऐक."

साईशचा थोरला भाऊ सुदेश वेल्डर होता. सुर्ल्याच्या पुढे, बंद खाणीच्या माळावर गॅसवर वीज करणारा प्लांट आहे, तिथे. दिवसा तो प्लांट गप्प. दिवस मावळला, मोरजीकडच्या हॉटेलांचे एसी एकदम सुरू झाले, वीज कमी पडली की तो चालू करतात. कोळशाच्या प्लांटसारखी तापायची वाट बघावी लागत नाही.

तिथला एक नियम होता. टाकीत उतरणाऱ्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला बाहेरच्या बोर्डावर टांगायचा. वर आला की ज्याचा त्याने काढायचा. बोर्डावर एक जरी बिल्ला असला तर पाइपात काही सोडायचं नाही. सुदेशचा नंबर सतरा.

त्या संध्याकाळी सुदेश फिल्टरच्या टाकीत होता. प्लांटच्या साहेबाला वरून फोनावर फोन, वीज द्या, वीज द्या. गॅस सोडण्याआधी पाइप नायट्रोजनने साफ करतात. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस श्वास घेतो आणि... निजतो.

सुदेश सापडला गेटबाहेर. स्वतःच्या मोटारसायकलीशेजारी. अंगावर ओरखडा नाही.

साहेब घरी आला. "हार्ट अटॅक. काम संपवून निघाला होता. हा बघा, बिल्ला खिशातच होता."

"आणि जेवणाचा डबा? तो गाडीला नव्हता!" साईश ओरडला. "डबा टाकून दादा कधी घरी आलाय?"

बिल्ला तिथेच ठेवून साहेब चपला घालून निघून गेला.

चवथीच्या आदल्या रात्री गावात घरोघरी गणपतीच्या वर फळापानांच्या माटोळ्या बांधत होते. यांच्याकडे सुतक. गणपतीचा पाट भिंतीला टेकलेला. आई म्हणाली, "साईशा, तेवढा डबा तरी घेऊन ये रे."

साईश निघाला. डिचोली मागे टाकली. खिशात बिल्ला होता, साहेबाच्या तोंडावर मारायला.

गेटवरचा माणूस सुदेशला ओळखायचा. त्याने मान खाली घालून सोडलं. साहेब बोर्डासमोर उभा, कानाला फोन.

"आज नको. दोन तालुके काळोखात आहेत. चवथीनंतर ये."

"डबा द्या."

"तुझा भाऊ आत नव्हता, किती वेळा सांगू?"

"मग डबा आत कसा? चालत गेला?"

साईशने खिशात हात घातला. खिसा रिकामा.

टिण्‌.

साहेबाच्या पाठीमागे आवाज झाला. बोर्डावर बिल्ला हलत होता. सतरा. वारा नव्हता.

"तू लावलास!"

"मी तुमच्यासमोर उभा आहे."

साहेबाने बिल्ला ओढून काढला, मुठीत दाबला. प्लांट चालू करायच्या बटणाकडे वळला.

टिण्‌.

मूठ उघडली. काही नाही.

फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

"काढ तो," साहेब म्हणाला. आवाज पार बारीक.

"ज्याचा त्याने काढायचा."

"तुझ्या पाया पडतो मी..."

"पाया नकोत. दादा कुठे होता ते सांग."

साहेब मागे सरकला. साईशने त्याची कॉलर धरली.

"सांग, नाहीतर इथेच गाडीन तुला!"

"आत... आत होता तो."

बिल्ला हलायचा थांबला.

"बोर्डावरून कोणी काढला?"

"मी."

साईशने वर पाहिलं. खिळा रिकामा होता.

मग प्लांट सुरू झाला. माळाखालची गावं एकेक करून उजळली. साईशने टाकीजवळचा डबा उचलला आणि पोटाशी धरून घरी आला. आईने तो उघडला. आतले तांदळाचे पोळे आंबून गेले होते. सुदेशने हातही लावला नव्हता.

सकाळी साईश पोलिसांना घेऊन गेला. साहेब अंघोळ करून, गंध लावून बसलेला. "मी असं काहीच बोललो नाही. पोर दुःखात आहे हो." बिल्ला, कसा कोण जाणे, त्याच्याच टेबलावर पडला होता. पोलीस गेल्यावर त्याने तो उचलला आणि खाणीच्या खंदकात फेकला. वीस माणूस खोल पाणी तिथे.

काका थांबले.

"मग, काका?" प्रज्योतने हळूच विचारलं.

"मग काय... दिवस मावळला. प्लांट चालू करायची वेळ झाली. बोर्डाखालच्या लादीवर तांबडं पाणी साचलेलं. खाणीचं. साहेबाने वर बघितलं..."

सतरा. अजून ठिबकत होता.