उताणी छत्तीस, पालथी चौसष्ट

"माह्या पोरीले, पंचफुलेले, वर्गासमोर खोटारडी ठरवलं. पाचच्या टपालानं वजीफ्याचा, शिष्यवृत्तीचा कागद जाते, न् मास्तर तिचं नाव कापून जगदेवचं लिवून राह्यले."

वाशीमचे खासगी गुप्तहेर शालिग्राम यांनी मनकर्णाबाईंना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. तेव्हा शालिग्रामच उठले. मित्र पुंजाजीही सोबत निघाले.

शाळेत रऊफ मास्तर संभाव्यता शिकवत. नाणं उडवलं की छापा-काटा जवळपास निम्मे-निम्मे. पण घरचे पोरांच्या हाती पैसा देईनात, म्हणून मास्तरांनी कवड्या वाटल्या होत्या. शंभरदा टाका, लिहून आणा. तोंड वर आलं तर उताणी, खाली गेलं तर पालथी.

"पंचफुलेच्या उताण्या छत्तीस. जगदेवच्या बरोबर पन्नास," मास्तर म्हणाले. "आता मनानं कोणी लिहिलं, तुम्हीच सांगा."

पुंजाजींनी जगदेवचा कागद उचलला. "काय सुरेख! कुठं सलग दोन सारख्या, तिसरी नाहीच. पोरीच्या तर सलग सहा पालथ्या."

"कुठं टाकली कवडी?" शालिग्रामांनी पंचफुलेला विचारलं.

"ओट्यावर."

"सहा सलग आल्या तेव्हा?"

"मले बी खोटं वाटलं. पण आल्या, तं लिवल्या."

मग जगदेव आला. "मी बी ओट्यावरच टाकली."

"तिसरी सारखी एकदाही आली नाही?"

"कशी येईन? दोन झाल्या का पाळी दुसऱ्या बाजूची असते ना."

शालिग्रामांनी कवडी मास्तरांपुढे सरकवली. "वीसदा टाका."

मास्तरांनी टाकली. पालथ्या तेरा. त्यातल्या चार सलग.

"मास्तर, नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या. कवडीची पाठ फुगीर, तोंडाकडचं पोट सपाट. ती पोटावरच जास्त बसते. निम्मं यावं कायले? आणि मागं काय आलं, हे कवडीला आठवत नाही. पाळी लावतो तो माणूस. शंभरात तिसरी सारखी एकदाही न येणं जवळपास अशक्य."

"म्हणजे मला सुरेख वाटला तो कागद..." पुंजाजी अडखळले.

"बसून रचलेला."

जगदेव खाली बघत म्हणाला, "पंधरा टाकल्या. मंग कटाया आला, बाकीच्या मनानंच लिवल्या."

"नाण्याचा नियम कवडीला लावला तो मी," मास्तर म्हणाले. त्यांनी वजीफ्याचा कागद ओढला, जगदेवचं नाव खोडलं आणि पंचफुलेचं लिहिलं.

मनकर्णाबाई दारातून हलल्या नाहीत. "मास्तर, खोटारडी वर्गासमोर म्हटलं. खरी बी तिथंच म्हणा."

पाच वाजायला वीस मिनिटं होती. मास्तर उठले आणि वर्गाकडे चालू लागले.