नॉरफोकचा काका

शनिवारी दुपारी परीक्षितकाका डबा घेऊन ट्रॉय गावाहून म्युझियममध्ये आले, तेव्हा अंतरा तळघरात पक्ष्यांचे खण लावत बसली होती. शतकापूर्वी मेलेले पक्षी सांभाळायचं पुतणीचं हे काम काकांना भारी मजेचं वाटे.

“हा पोपट कोण गं?”

“नॉरफोक काका. सीरियसली, नावच आहे त्याचं!”

काका खदखदून हसले. “म्हणजे आमच्यातलाच! मग संपला कसा?”

“फार ट्रस्टिंग होता. छोट्याशा बेटावर राहायचा, माणसाला घाबरायचं असतं हेच माहीत नव्हतं. सेटलर्स आले, त्यांनी झाडं तोडली, ह्यांना पकडलं, मारून खाल्लं. शेवटचा लंडनमध्ये पिंजऱ्यात मेला.”

काकांचं हसू मावळलं. त्या कापूस भरलेल्या पोपटाकडे वाकून ते म्हणाले, “आमच्याकडे ये रे बाबा. तुला कुणी खाणार नाही.”

तेवढ्यात अंतराला वर बोलावणं आलं. डबा तिथंच ठेवून ती गेली, काका कपाटं बघत रेंगाळले.

ती परतली तेव्हा तळघरात मिट्ट काळोख होता. हालचाल थांबली की तिथले दिवे आपोआप विझत. डांबरगोळ्यांचा वास नाकात चढला.

“काका?...”

ती दोन पावलं पुढे गेली. तिच्या डोक्यावरचा एकच दिवा लागला. पुढे कपाटांच्या अंधाऱ्या गल्ल्या.

आणि मग कुत्रा भुंकला. घोगऱ्या, बसक्या आवाजात. पुन्हा भुंकला, अगदी शेवटच्या गल्लीतून, अधीर होऊन.

अंतरा धावली. काका जमिनीवर कलंडले होते, घामानं थबथबलेले. मधुमेही माणूस, पुतणीबरोबर जेवायचं म्हणून उपाशीच निघाला होता; साखर पार उतरली होती. तिनं डब्यातलं श्रीखंड बोटानं त्यांच्या तोंडात घातलं. हळूहळू डोळे उघडले.

“अजून एक बोट... औषध म्हणून.”

ती रडत रडत हसली. “तो कुत्रा कुठंय, काका?”

“कुत्रा? इथं?”

अंतराच्या अंगावर सर्रकन काटा आला. “काका... तो पोपट... भुंकल्यासारखा ओरडायचा म्हणे.”

“बघ!” काका उठून बसत म्हणाले. “बोलावल्याबरोबर आला की नाही?”

दोघंही हसत सुटले. त्यांना उभं करायला अंतरानं खांद्याला हात लावला, आणि झटकन मागे घेतला. बोटांना पांढरं, ओलं काहीतरी लागलं होतं.

पक्ष्याची विष्ठा. अजून कोमट होती.