नोंदीवर घ्या

गुरुवारी, म्हणजे ऐन लिलावाच्या दिवशी, गुरांच्या आवारातल्या कॅफेत अभ्यास करायला कुणी येत नाही. थिया लुंडग्रेन मात्र मुद्दाम गुरुवार गाठून आली होती, आणि बसायला तिने कोपराही सगळ्यात गोंगाटाचा निवडला होता. टेबलावर चार छोटे माइक, एक रेकॉर्डर, कानांवर हेडफोन आणि बाजूला गार होत चाललेला चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या झणझणीत रश्श्याचा, वाडगा. शेजारच्या टेबलावर म्हातारे रँचवाले चाऱ्याच्या भावावरून हमरीतुमरीवर आले होते. त्यांची परवानगी तिने आधीच काढली होती. आपलं भांडण कुणीतरी जपून ठेवतंय म्हटल्यावर त्यांना आणखीच चेव आला होता. आणि ही पोरगी डोळे मिटून, कुठला आवाज कुणाचा ते ओळखून, भराभर टिपून घेत होती.

तेवढ्यात तिच्या कानात कुणीतरी घण घातला.

डोळे उघडून बघते तो समोर एक उंच, सडपातळ तरुण बसलेला. हॅटच्या कडेवर एप्रिलचा ओला बर्फ, हातात चमचा, समोर चिली आणि बशीत दालचिनीचा रोल.

"तुमचा चमचा..." थिया चाचरली.

"काय केलं त्याने?"

"माझ्या माइकपाशी वाजतोय. कानठळ्या बसल्या माझ्या."

त्याने चमचा हळूच, झोपलेलं मूल ठेवावं तसा खाली ठेवला. मग रोल चिलीत बुडवून हातानेच खायला लागला. "आता ठीक? मी एमेट. एमेट हार्लन. तिकडे लिलावाच्या रिंगणात काम करतो. आणि तुम्ही... आमच्या म्हाताऱ्यांवर पाळत ठेवताय?"

ती हसली. मग सांगावंच लागलं. कोर्ट रिपोर्टरची, म्हणजे साक्षी-जबान्या नोंदवणाऱ्याची, परीक्षा देतेय. नाही, टकटक टाइप करणारी नाही, रेकॉर्डिंगवाली. आवाज यंत्र टिपतं. पण कोण बोललं, कधी बोललं, हे माणसाने टिपायचं. साक्षीदाराला शपथ द्यायची. आणि दोघं एकदम बोलायला लागले तर त्यांना थांबवायचं, नाहीतर रेकॉर्डिंगचा नुसता काला होतो.

"आणि हे सगळं येतं तुम्हाला?"

"थांबवणं सोडून सगळं." थियाने माइकच्या वायरीशी चाळा केला. "आमच्या घरी कुणी कुणाला मध्ये तोडत नाही. माझे वडील पाद्री आहेत. त्यांचं प्रवचन चालू असताना चर्चच्या स्वयंपाकघरात धूर झाला होता, तरी आम्ही ते संपेपर्यंत बसून राहिलो."

एमेटला इतकं हसू आलं की त्याला ठसका लागला. "मग माझ्यावर सराव करा," तो डोळे पुसत म्हणाला. "मला थांबवणं हा या गावाचा आवडता उद्योग आहे."

थिया लाजली, आणि हो म्हणाली.

त्यानंतर कामं आटोपली की दोघं रिकाम्या रिंगणाभोवतीच्या बाकांवर बसू लागले. भुशाचा आणि ओल्या मातीचा वास, पत्र्यावर घरंगळणारा बर्फ, आणि एमेटची अखंड बडबड. तो लिलाव पुकारायचा, आज्जीच्या कोंबड्यांच्या गोष्टी सांगायचा, मधूनच दोन रँचवाल्यांचं भांडण दोन्ही आवाजांत करून दाखवायचा. थियाने त्याला अडवायचं. ती हात वर करायची, तोंड उघडायची... आणि ऐकतच राहायची.

"अडव ना."

"गोष्ट संपू दे ना पण. कोंबडीचं काय झालं?"

"तू नापास होणार."

"तू गोष्टी वाईट सांग, मग मी पास होईन."

खऱ्या लिलावात पुकारा करणारा दुसराच होता. एमेटचं काम बोली टिपायचं. कुणी बोट उचलतं, कुणी हॅटला हात लावतं, कुणी नुसती पापणी पाडतं. त्या गर्दीत त्याला ते दिसायचं आणि तो ओरडून बोली पुढे पाठवायचा.

"पापणीवर वळू विकता तुम्ही?" थियाने डोळे मोठे केले.

त्याने मान हलवली.

"तोंडाने सांग. मानेचा आवाज येत नाही."

"आमच्याकडे मानेवरच सगळा कारभार चालतो, बाईसाहेब."

"म्हणूनच तुमची भांडणं आमच्याकडे येतात."

एमेटने बाकावरचा भुसा झटकला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "माणसाच्या मनात बोली आली की मला कळतं. चेहऱ्यावर दिसतं."

थियाने चटकन हेडफोन चढवले आणि नीट असलेला माइक पुन्हा नीट केला. काय दिसतंय याला माझ्या चेहऱ्यावर? दिसत असेल तर बोलत का नाही हा, एरवी तर कोंबड्यांवर तासभर बोलतो. तिला त्याचा रागही आला आणि तो उठून जाऊ नये असंही वाटलं.

परीक्षा जवळ आली. ती शनिवारी बिलिंग्जला होती. पण थियाचं घोडं नुसत्या परीक्षेत अडलं नव्हतं. ज्यांच्या ऑफिसात ती शिकत होती त्या डफीबाईंकडे जागा एकच होती आणि त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "बुधवारी वकिलाकडे एक जबानी आहे. खुर्चीत तू बसायचंस, मी शेजारी. ते बघून ठरवीन. परीक्षा काय, पाठ करूनही पास होता येते." ही जागा हुकली तर गाशा गुंडाळून नॉर्थ डकोटाला वडिलांच्या चर्चमध्ये पत्रकं छापायला परत. तिथे रिंगण नव्हतं, बाक नव्हते, आणि... असो. काय नव्हतं ते तिला ठाऊक होतं.

बुधवारी ती वेळेच्या कितीतरी आधी पोहोचली. यंत्र तपासलं, माइक मांडले, प्रत्येक खुर्चीत स्वतः बसून बोलून बघितलं. भांडण एका वळूचं होतं. वळू खूप महागात गेला होता आणि घेणारा म्हणत होता, मी बोली लावलीच नाही, मी मान हलवली ती माशी हाकलायला. जबानी आवाराच्या मालकाची व्हायची होती. पण मालक आजारी पडला आणि ऐन वेळी त्याच्याऐवजी बोली टिपणारा माणूस आला.

दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, हातात हॅट. एमेट.

दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती झटकन वळवली. त्याला कुणाशीही या भांडणाबद्दल बोलायला वकिलाने मनाई केली होती. त्यामुळे कोंबड्यांचं सगळं खानदान सांगणाऱ्या या माणसाने ती बोली आपणच टिपली होती हे मात्र तिला सांगितलं नव्हतं.

थियाच्या पुढ्यात सुरुवातीला वाचायचा मजकूर होता. तारीख, जागा, दोन्ही पक्षांची नावं. आणि शेवटी, इथल्या कुणाशीही माझं नातं नाही, या प्रकरणात माझा कुठलाही स्वार्थ नाही, अशी ग्वाही. आतापर्यंत सरावात तिने ते वाक्य एका श्वासात म्हटलं होतं.

आज श्वास पुरेना. नातं? कसलं नातं? हातात हातसुद्धा घेतला नव्हता. एमेट वादी नव्हता, प्रतिवादी नव्हता. पुस्तकातल्या नियमांवर बोट ठेवलं तर ती खुशाल पुढे वाचू शकत होती. कुणाला कळणार होतं? शेजारी डफीबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. एक वाक्य म्हटलं की जागा तिची होती.

तिकडे दोन्ही वकिलांची जुंपलीच होती. वयस्कर प्रुइटसाहेबांना जेवायच्या आधी आटपायचं होतं आणि समोरच्या ओर्टेगाबाईंना वळूच्या फोटोपासून सुरुवात करायची होती. दोघं एकदम बोलत होते. हेडफोनमध्ये नुसता काला.

"थांबा," थिया म्हणाली. कुणी ऐकलं नाही. "थांबा दोघंही. एका वेळी एकानेच बोलायचं. आणि आधी मी बोलणार आहे."

खोली चिडीचूप झाली. आता मागे फिरायला जागा नव्हती.

"नोंदीवर घ्या... म्हणजे मीच घेतेय. साक्षीदार माझ्या ओळखीचे आहेत."

"अहो, या गावात सगळेच सगळ्यांच्या ओळखीचे आहेत," प्रुइटसाहेब म्हणाले. "चला पुढे."

"तशी ओळख नाही."

"मग कशी?"

"मला... मला ते आवडतात."

ओर्टेगाबाईंनी पेन खाली ठेवलं. "आवडतात म्हणजे? मित्र म्हणून?"

"नाही. प्रेम आहे." थियाने लाल दिव्याकडे बघितलं. यंत्र इमानेइतबारे चालू होतं. "माझ्या बाजूने. त्यांच्या बाजूचं मला सांगता येणार नाही, त्यांनी अजून काही म्हटलेलं नाही. पण मी या खुर्चीत बसणं बरोबर नाही."

एमेटने तोंड उघडलं.

"तुम्ही गप्प बसा," प्रुइटसाहेब कडाडले. "तुमची अजून शपथ व्हायची आहे."

डफीबाई उठल्या. त्यांनी हात पुढे केला, थियाने हेडफोन काढून दिले, आणि ती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. समोर बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झाला होता. संपलं, तिने मनाशी म्हटलं. नोकरीही गेली आणि लाजही. तरीसुद्धा, खरं सांगायचं तर, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचंच तिला नवल वाटलं.

कितीतरी वेळाने दार उघडलं. आधी डफीबाई आल्या. थिया उठून उभी राहिली.

"ती जबानी आता टाइप होऊन दोन्ही पक्षांना जाणार," त्या म्हणाल्या. "पहिल्या पानावर तुझं प्रेम. मला खोडता येत नाही, कायदा आहे."

"सॉरी, मिसेस डफी."

"सॉरी कशाला? त्या प्रुइटला गप्प बसलेला मी आज पहिल्यांदा बघितला." त्यांनी कोट चढवला. "परीक्षा पास हो आणि सोमवारी ये. वेळेवर ये."

त्या निघून गेल्या तरी थिया उभीच होती. सोमवार. सोमवारी ये म्हणाल्या. तिला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं, आणि तेवढ्यात दारात एमेट आला. हॅटची कड बोटांनी फिरवत होता.

"मला आत कुणी विचारलंच नाही ते," तो अखेर म्हणाला. "सगळे वळूबद्दलच विचारत होते."

"काय विचारायला हवं होतं?"

"रोज ठरवून यायचो मी. आज सांगायचं. आणि तू समोर बसलीस की कोंबड्या सुरू व्हायच्या." त्याने हॅट बाकावर ठेवली. "वाटायचं, मला चुकीचं दिसत असेल. आमच्याकडे चुकीची मान टिपली की माणूस धंद्यातून कायमचा उठतो."

"एमेट..."

"थांब, बोलू दे. माझं प्रेम आहे तुझ्यावर. चमच्यापासून आहे."

व्हरांड्यात यंत्र नव्हतं, वकील नव्हते, हेडफोन आत राहिले होते. थियाने त्याचा हात हातात घेतला.

"पुन्हा सांग."

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं की. चांगलं आलं," ती म्हणाली. "तरी सांग."